आपलाच दावा, आपणच न्यायाधीश

न्यायशास्त्राचे एक जुने सूत्र आहे की, कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून हा नियम झालेला नाही. प्रामाणिक माणसाचीही दृष्टी आपल्या वस्तूपाशी आली की मऊ होते, एवढेच त्यामागचे शहाणपण आहे. चित्रपटाच्या व्यवसायात हे सूत्र कोणी ग्रंथात लिहून ठेवलेले नाही, तरी बव्हंशी ते पाळले जाते. दिग्दर्शक ऊनपावसात उभा राहून चित्रण करवितो आणि ती सारी सामग्री संकलकाच्या हवाली करतो. संकलक त्या पावसात भिजलेला नसतो. अमुक एका दृश्यासाठी चार दिवस वाट पाहावी लागली, तमुक दृश्याच्या वेळी नाव उलटता उलटता राहिली, हे त्याच्या गावीही नसते. त्याच्यापुढे असतो तो केवळ पुरावा. उपयोगाचा असेल तर तो ठेवतो, नसेल तर कात्री लावतो. त्याच्या या निर्दयतेतच चित्रपटाचे हित असते, असा आजवरचा अनुभव आहे.

मग ज्या चित्रपटाची कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, निर्मिती आणि संकलन ही सारी कामे एकाच व्यक्तीने केली, त्याचा विचार कसा करावयाचा? रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' (2017) हा आसामी चित्रपट आम्ही या प्रश्नासाठी मुद्दाम निवडला आहे. टोरोंटोच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला. 2018 साली जाहीर झालेल्या 65 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा मान मिळाला. जाह्नू बरुआ यांच्या 1987 सालच्या 'हलधीया चराये बाओधान खाय' नंतर आसामी भाषेस हा मान प्रथमच लाभत होता. त्याच वर्षी भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्वोत्कृष्ट संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कारही रीमा दास यांनाच मिळाला. म्हणजे ज्या नियमाचा आम्ही आरंभी उल्लेख केला तो येथे मोडला गेला, आणि मोडणाऱ्यास शिक्षेऐवजी बक्षीस मिळाले. त्यानंतर वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले त्यात 'एकटीने' या एका शब्दाचा घोष इतका झाला की, चित्रपट कसा आहे हे सांगावयाचे राहूनच गेले.

कथानक थोडके आहे. आसामच्या कामरूप जिल्ह्यातील छयगाव परिसरात धुनू नावाची दहा वर्षांची मुलगी आपली विधवा आई आणि भाऊ यांच्यासह राहते. वडील पुरात गेलेले. गावच्या एका कार्यक्रमात काही मुले थर्मोकोलची खोटी वाद्ये घेऊन गायकांची नक्कल करतात. ती पाहून धुनूच्या मनात खऱ्या गिटारची इच्छा रुजते. ती पैपैसा साठवू लागते. पूर येतो, पीक जाते. मुलगी वयात येते. आई दिवसभर राबते आणि मुलीने मुलांबरोबर झाडावर चढू नये असे सांगणाऱ्या बायकांना सडेतोड उत्तर देते. यापलीकडे 'घडते' असे फारसे काही नाही. पहिल्या चित्रपटाचे चित्रण चालू असता दिग्दर्शिकेने आपल्याच गावी अशी मुले पाहिली आणि तेथून या चित्रपटाचे बीज पडले. भनिता दास ही धुनू झालेली मुलगी, तिची आई झालेल्या बसंती दास, तिचे सवंगडी, हे सर्व गावचेच लोक आहेत, व्यवसायाने नट नव्हेत.

चित्रण तीन-चार वर्षे, जमेल तसे आणि ऋतू देईल तसे, चालले. कॅमेरा स्थिरचित्रांसाठी विकला जातो त्या जातीचा, आणि बव्हंशी सूर्याचा प्रकाश. अशा रीतीने जमलेल्या सामग्रीपुढे संकलनाला बसणे म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांस कदाचित ठाऊक नसेल. पूर्ण झालेला चित्रपट 87 मिनिटांचा आहे. सेकंदास 24 चौकटी या हिशेबाने सुमारे सव्वा लाख चौकटी झाल्या. त्या सव्वा लाख चौकटी अनेकपट मोठ्या ढिगातून निवडावयाच्या, कोणत्या आधी आणि कोणत्या मागाहून हे ठरवावयाचे, आणि प्रत्येक तुकडा नेमका कोठे तोडावयाचा हे पुन्हा पुन्हा पाहावयाचे. ते झाले की, निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या प्रहरी घेतलेल्या दृश्यांच्या रंगांचा मेळ बसवावयाचा. संवाद, पाऊस, बेडकांचा आवाज, पाण्याचा खळखळाट हे एका पातळीवर आणावयाचे. परभाषिकांसाठी तळाशी भाषांतर द्यावयाचे. हे काम संगणकाने सोपे केले आहे असे म्हणतात. सोपे झाले ते तोडणे आणि जोडणे. निवडणे होते तितकेच अवघड राहिले आहे. किंबहुना फीत महाग होती तेव्हा दिग्दर्शक चित्रण करतानाच निवड करीत असे; आता ते बंधन सुटल्यामुळे निवडीचा सारा भार संकलनाच्या मेजावर येऊन पडला आहे.

आमचे म्हणणे असे आहे की, या विशिष्ट चित्रपटापुरते, संकलक निराळा नसणे हे केवळ गरिबीचे अपत्य नव्हते. चित्रपटाच्या आशयाचीच ती गरज होती. हे स्पष्ट होण्यासाठी सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची आठवण करणे उपयोगी पडेल. तोही खेड्यातल्या मुलांचा चित्रपट, तोही पैशाअभावी रखडलेला. 1952 च्या ऑक्टोबरात चित्रण सुरू झाले आणि 1955 साली तो पुरा झाला. मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या नाहीत हा चमत्कारच, असे राय पुढे सांगत: अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही, आणि इंदिर ठाकरुण झालेली वृद्ध नटी मरण पावली नाही. राय यांच्या दृष्टीने काळ हा शत्रू होता. त्यांच्यापुढे कथेचा पक्का नकाशा होता आणि मुलांनी त्या नकाशाबाहेर वाढू नये अशी त्यांची प्रार्थना होती. संकलक दुलाल दत्त हे निराळे गृहस्थ. न्यू यॉर्कच्या संग्रहालयातील 3 मे 1955 च्या प्रदर्शनासाठी चित्रपट वेळेवर पोहोचावा म्हणून राय आणि दत्त यांनी अखेरच्या दिवसांत रात्रीचा दिवस केला. नकाशा पक्का असल्यामुळेच ते काम दोघांत वाटता आले.

'व्हिलेज रॉकस्टार्स'मध्ये काळ शत्रू नाही. तोच कथानायक आहे. भनिता ही मुलगी चित्रणाच्या वर्षांत खरोखरीच वाढली. चित्रपट पाहताना तिच्या चेहऱ्यावरचे बालपण हळूहळू ओसरताना दिसते, आणि ते वेषभूषेने किंवा दुसरी मुलगी उभी करून साधलेले नाही. पूरही त्या वर्षांत खराच आला. अशा वेळी काय उपयोगी पडेल हे आधी सांगणे कोणासही शक्य नव्हते. ज्या व्यक्तीने चित्रण केले तिनेच ते पाहिले, तिलाच त्यात काय आहे आणि काय नाही हे कळले, आणि उणे वाटेल तेथे पुन्हा कॅमेरा घेऊन शेतावर जाण्यास तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. मेजावरून शेताकडे आणि शेतावरून मेजाकडे अशी ही ये-जा पगारी संकलकाला परवडणारी नाही आणि निर्मात्याला तर नाहीच नाही. न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे पुराव्याचे काम संपल्यावर निकाल दिला गेला नाही. न्यायाधीशच मधूनमधून घटनास्थळी जात राहिला.

या पद्धतीचे उत्तम फळ पाहावयाचे असेल तर धुनू वयात येते तो भाग पाहावा. आसामात या प्रसंगी 'तुलोनी बिया' नावाचा विधी होतो. मुलीस काही दिवस वेगळे ठेवतात, मग न्हाऊ घालून नटवितात, आणि तिचा लुटुपुटीचा विवाह केळीच्या खुंटाशी लावतात. आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे परके वाटणार नाही. आपल्याकडेही न्हाण आलेल्या मुलीस मखरात बसविण्याची चाल होती आणि तिची गाणी कोणाकोणाच्या आजीला पाठ असत. सामान्य संकलकाने, सामान्य दिग्दर्शकाच्या आज्ञेवरून, या ठिकाणी चित्रपटाचे दोन तुकडे केले असते: अलीकडे बालपण, पलीकडे बंधन, मध्ये करुण संगीत. रीमा दास तसे करीत नाहीत. विधीस त्या हसत नाहीत आणि त्याची पूजाही बांधीत नाहीत. विधी येतो तसा जातो, आणि धुनू पुन्हा आपल्या सवंगड्यांकडे वळते. बदललेले असते ते तिच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे. गावच्या बायका आणि आई यांच्यातील खडाजंगीचे वजन या जागेमुळे वाढते. येथे पार्श्वसंगीताचा आधार फारच थोडा घेतला आहे, आणि त्यामुळे दोन दृश्यांमधील सांधा प्रेक्षकाला आपल्या मनाने भरावा लागतो. संकलनाच्या पुरस्काराचे समर्थन करावयास आम्हांस उभे केले तर आम्ही हाच एक भाग पुढे करू.

आता दुसरी बाजू. आपला तो बाब्या, ही म्हण संकलनाच्या मेजावरही खरी आहे, आणि हा चित्रपट तिच्यातून सर्वस्वी सुटलेला नाही. मुले झाडाच्या फांदीवर पहुडली आहेत. मुले पाण्यात डुंबत आहेत. आभाळ भरून आले आहे. हिरव्या शेताच्या कडेने धुनू चालली आहे. ही चित्रे देखणी आहेत, आणि पहिल्या खेपेस ती आवश्यकही आहेत, कारण या मुलांजवळ खेळणे नाही, वेळ मात्र अमाप आहे, हे त्यांवाचून कळणार नाही. परंतु तीच गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या खेपेस सांगितली जाते तेव्हा कथेला नवीन काही मिळत नाही. पूर्वार्धात अशा जागा आम्हांस निदान चार आढळल्या. त्या का राहिल्या याचे उत्तर उघड आहे. जिने तो फांदीवरचा उजेड मिळावा म्हणून तिष्ठत वाट पाहिली असेल तिला तो टाकवणार नाही. निराळा संकलक असता तर त्याने त्यातील निम्म्या गाळल्या असत्या आणि बाईंशी त्याचे भांडण झाले असते. ते भांडण व्हावयास हवे होते असे आमचे मत आहे. दहा मिनिटे कमी झाली असती तरी चित्रपट उणा झाला नसता. उत्तरार्धातील पुराला प्रेक्षक अधिक ताज्या मनाने सामोरा गेला असता.

तथापि आमची खरी तक्रार चित्रपटाविषयी नाही, त्याच्या स्तुतीविषयी आहे. 'एकटीने केला' या शब्दात दोन घोटाळे आहेत.

पहिला असा की, तो शब्द पुरता खरा नाही, आणि रीमा दास यांच्यावर तो लादणे हा त्यांच्या सोबत्यांवर अन्याय आहे. त्याच वर्षीचा स्थळ-ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटासाठी मल्लिका दास यांना मिळाला. या दिग्दर्शिकेच्या नात्यातल्याच, आणि या कामाचे शिक्षण घेऊन आलेल्या नव्हेत. भनितालाही बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. चार पुरस्कारांपैकी दोन इतरांच्या नावे असता चित्रपट एकटीचा कसा? येथे आम्हांस आपल्या दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके 1912 साली लंडनहून कॅमेरा, फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि फीत धुण्याचे सामान घेऊन आले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. कथा, दिग्दर्शन, फीत धुणे, तोडणे, जोडणे, सर्व त्यांनी केले अशी कीर्ती आहे आणि ती रास्त आहे. 1917 सालच्या 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटाचा जो अंश शिल्लक आहे त्यात ते स्वतः हे काम करताना दिसतात. पण कच्च्या फितीला अंधारात छिद्रे कोणी पाडली? सरस्वतीबाईंनी. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक कोणी केला, दागिने कोणी दिले? त्यांनीच. ज्या घरात हे सर्व घडले त्या घरात 'एकट्याने' या शब्दाला अर्थ नाही. कीर्तनात आख्यान बुवांचे असते हे खरे, परंतु झांजा कोणीतरी धरलेल्या असतात.

जाता जाता कायद्याचीही एक गंमत सांगावयास हवी. 1957 च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकही नव्हे आणि संकलक तर नव्हेच. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो कर्ता, असा त्याचा मथितार्थ. सामान्यतः ही व्याख्या कलावंतांस बोचते. रीमा दास यांच्या बाबतीत मात्र कायद्याची ही कल्पना आणि वस्तुस्थिती यांचा अपूर्व संयोग झाला आहे, आणि वकिलांस असे योग क्वचितच पाहावयास मिळतात.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. श्रम हा गुण मानला जातो. अमक्याने घरी बसून, कर्ज काढून, तीन वर्षे झोप सोडून चित्रपट संपविला, म्हणून तो चांगला, अशी विचारसरणी बळावत आहे. न्यायालयात वादीने किती हेलपाटे घातले यावर हुकूमनामा मिळत नाही. आज बेळगाव, इंदूर, मडगाव यांसारख्या गावीही कॅमेरा आणि संगणक घेऊन चित्रपट करू पाहणारे तरुण आहेत. त्यांच्यापैकी अनेकांस संकलक नेमण्याचे सामर्थ्य नाही, आणि त्यांनी स्वतः संकलन करावे यात काहीच गैर नाही. परंतु एकटेपणा हा त्यांना भूषण म्हणून विकला जाऊ नये. गरजेने पत्करलेली गोष्ट भूषण झाली की, माणूस दुसऱ्याला दाखविण्याचे टाळू लागतो. कच्चे संकलन कोणासही न दाखविता, दारे लावून, महिनेच्या महिने तीच दृश्ये पाहत राहिले की, त्यातील विनोद पहिला मरतो, मग करुण मरतो. शेवटी काय ठेवावे आणि काय टाकावे हे केवळ थकवा ठरवितो.

यावर उपाय आहे आणि तो फार दूर नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ 2007 पासून दर नोव्हेंबरात गोव्यात, पणजीस, चित्रपटांचा जो बाजार भरवीत आले आहे, त्यात अपुऱ्या चित्रपटांचे कच्चे संकलन जाणत्या लोकांना दाखवून त्यांचे मत घेण्याची सोय आहे. तेथे प्रवेश मिळणे सुलभ नाही. ज्यास तो मिळणार नाही त्याने शेजारच्या शाळामास्तरास बोलावून आणावे. प्रेक्षक कंटाळला की खुर्चीत हलतो, आणि त्यासाठी चित्रपटशास्त्र शिकावे लागत नाही. आपल्याकडे मूर्तिकार मूर्ती आपल्या हाताने घडवितो, नेत्रोन्मीलनापर्यंत छिन्नी त्याचीच. परंतु प्राणप्रतिष्ठा तो स्वतः करीत नाही. ती दुसऱ्याच्या हातून व्हावी लागते, आणि तेथून पुढे मूर्तीवर त्याची सत्ता उरत नाही. एकट्याने संकलन करणाऱ्यास सर्वांत अवघड जाते ते हे हात सोडणे. कायदा येथे थोडी मदत करतो म्हणावयाची: प्रमाणपत्र मिळाल्यावर चित्रपटात फेरफार केला तर तो प्रमाणन मंडळास कळवावा लागतो, आणि या कटकटीच्या भीतीनेच पुष्कळ चित्रपट अखेर 'पूर्ण' होतात.

रीमा दास यांनी हात सोडला तो योग्य वेळी की थोडा आधी, याचा निर्णय वाचकांनी चित्रपट पाहूनच करावा. 2018 साली त्यांनी 'बुलबुल कॅन सिंग' केला. तेथेही लेखन, छायाचित्रण, निर्मिती आणि संकलन त्यांचेच. तेथील मुले वयाने मोठी आहेत, गावच्या नीतिरक्षकांचा जाच आहे, आणि एक मृत्यू आहे. झाडे, पाणी आणि आभाळ याही चित्रपटात आहेतच. पण त्या मृत्यूनंतर कॅमेरा जेव्हा पुन्हा त्यांच्याकडे वळतो, तेव्हा ती चित्रे वाढवून ठेवल्यासारखी आम्हांस वाटली नाहीत. 'व्हिलेज रॉकस्टार्स'मध्ये ज्या जागा आम्ही गाळल्या असत्या, त्या जातीच्या जागांचे काम येथे कळते. हे दोन्ही चित्रपट याच क्रमाने पाहावेत, आणि शक्य तर एकाच आठवड्यात.